बापाला आधी फोन करणारं पाळणाघर

लातुरात चांगलं पाळणाघर कुठंय असं विचारणारे मेसेज मला महिन्यातून दोनतीन तरी येतात, कारण मी सीए आहे, स्वतःचं ऑफिस आहे आणि लेक सव्वातीन वर्षांची आहे, म्हणजे हिनं कुठंतरी सोय लावलीच असणार असं लोक धरून चालतात. सोय लागलीय, आणि इतकी चांगली लागलीय की दोन वर्षं झाली लिहीन लिहीन म्हणतेय. आज २० तारीख उरकली, सगळ्या क्लायंटचे जीएसटी रिटर्न गेले, तर बसलेच लिहायला. नाव टाकत नाही, पाळणाघर चालवणाऱ्या काकूंनीच नको म्हणून सांगितलं, त्या बाराच लेकरं घेतात आणि आधीच पाचसहा जणी जागेसाठी थांबल्यात. औसा रोडच्या बाजूला आहे, त्या भागात लेकरांच्या काकू कुठं राहतात म्हणून विचारलं की किराणा दुकानवालासुद्धा सोबत येऊन दार दाखवतो.

आधी या जागेच्या आधीचं सांगते, नाहीतर या जागेची किंमत कळणार नाही. लेक झाली तेव्हा पहिले सात महिने सासूबाई आमच्याकडं होत्या, मी तिसऱ्या महिन्यापासून घरूनच लॅपटॉप उघडून बसत होते. लोक म्हणतात तुम्हाला काय सहा महिने रजा असते, तर ती रजा नोकरी करणारीला, बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करायची, आईनं दिवसातून चार वेळा जाऊन लेकराला बघून यायचं, असं सगळं कायद्यात लिहिलंय आणि चांगलंच लिहिलंय. पण स्वतःचं ऑफिस असलेल्या बाईला रजा कोण देणार. माझ्या ऑफिसात सात माणसं, माझे क्लायंट मोंढ्यातले आडते, डाळमिलवाले, दोन ऑइलमिल, त्यांच्यापैकी कितीजणांकडं कायम नोकरीवर ५० माणसं आहेत? लातूरसारख्या गावात बहुतेक बाया याच खालच्या आकड्यात काम करतात, दवाखान्यात, क्लासेसमध्ये, दुकानात, वकिलाच्या ऑफिसात, आणि त्यांच्यासाठी जे काही आहे ते म्हणजे सासू, आई नाहीतर गल्लीतलं पाळणाघर.

सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले, गावाकडं सासरे एकटे, ऑगस्टमध्ये त्या गेल्या आणि आम्ही लेकीला एका ठिकाणी टाकलं. नाव घेत नाही. दिसायला एकदम छान, भिंतीवर कार्टून, घसरगुंडी, मोबाइलवर लाइव्ह कॅमेरा. मी दिवसभर तो कॅमेरा बघत बसायचे, समोर क्लायंट बॅलन्स शीट घेऊन बसलेला आणि माझं लक्ष टेबलाखालच्या फोनमध्ये, लेक कुठंय तर फ्रेमच्या बाहेर. संध्याकाळी गेलं की एकच उत्तर, छान जेवली, छान झोपली, छान खेळली. रोज छानच. मग ती रात्री दोन वाटी भात अधाशासारखा का खाते, डायपरचं रॅश का जात नाही, टीव्हीवर जाहिरात लागली की मान वळवून पुतळ्यासारखी का बसते, याचं उत्तर कुणाकडंच नव्हतं. एक दिवस तीन वाजता न सांगता गेले तर पाच लेकरं ओळीनं टीव्हीसमोर, माझी सगळ्यात कोपऱ्यात, ओल्या डायपरमध्ये, हातात बिस्कीटचा पुडा. ती मला बघून रडलीसुद्धा नाही. ते मला अजून आठवतं. उचलली आणि परत नेली नाही, पुढचे तीन आठवडे ती ऑफिसात माझ्या टेबलामागं गोधडीवर झोपत होती आणि माझी आर्टिकलची, म्हणजे सीएचं काम शिकणारी पोरं हळू आवाजात फोनवर बोलत होती.

दिवाळीच्या नंतर आमच्या अकाउंटंट ताईनं या काकूंचं सांगितलं. मी सकाळी दहाला गेले तर काकू दारातच म्हणाल्या, "आत्ता नका येऊ मॅडम, आत्ता समदीच खूश असतेत, साडेबाराला या, लेकरं जेवायच्या वेळंला, तवा बगा आमचं कसं चालतंय ते." मला हे फार वेगळं वाटलं, कारण बाकी सगळीकडं ‘फोन करून या’ म्हणतात. साडेबाराला गेले. चपला बाहेर, आत नळावर हात धुवायला लावले. सतरंजीवर अकरा लेकरं, प्रत्येकासमोर लहान स्टीलची ताटली, काकू मधोमध मांडी घालून बसलेल्या, मोठ्या परातीत ज्वारीची भाकरी वरणात कुस्करत होत्या. घाई नाही. बोटांनी गुठळी मोडायची, वर चमचाभर तूप, पुन्हा कालवायचं, मग अंगठ्यानं एक कण दाबून बघायचा की मऊ झालं का, आणि मगच पहिल्या ताटलीत. एक पोरगा तोंड फिरवून बसला. मावशीनं त्याला भरवायला हात पुढं केला तर काकू म्हणाल्या राहू दे, आणि त्याच्या ताटलीवर दुसरी ताटली पालथी घातली. वीस मिनिटांनी तो स्वतःच आला आणि ताटलीवर टकटक करू लागला. मी तिथं तासभर बसून होते, कुणाच्याही तोंडात कोंबलेलं बघितलं नाही, कुणालाही मोबाइल दाखवून भरवलं नाही, आणि काकू स्वतः सगळ्यात शेवटी जेवल्या, परातीत राहिलेलंच.

झोपायची खोली बघितली. लहानांसाठी लुगड्याच्या तीन झोळ्या, स्लॅबमध्येच बसवलेल्या लोखंडी कड्यांना बांधलेल्या, मी हात लावून ओढून बघितलं, काकू काही बोलल्या नाहीत, उलट म्हणाल्या अजून जोरात ओढा. मोठ्यांना खाली गाद्या. मला एक गोष्ट विचित्र वाटली, खोली एकदम ओकीबोकी. भिंतीला फ्रेम नाही, घड्याळ नाही, कपाट नाही, फळी नाही, माळा नाही. आधीच्या ठिकाणची कार्टूनची भिंत डोळ्यासमोर होती म्हणून मी म्हटलं काकू इथं काहीतरी चित्रं लावा की. त्या म्हणाल्या, "झोपायच्या खोलीत न्हाई." एवढंच. चित्रं होती, खेळायच्या खोलीत होती, लेकरांनीच काढलेली, पण झोपायच्या खोलीत नाही. याचं कारण मला पुढं कळलं, ते खाली सांगते.

आता वही. प्रत्येक लेकराची एक शंभरपानी वही आहे, काकू सातवी शिकलेल्या, अक्षर मोठं आणि सरळ. मी लोकांचे हिशोब तपासून पोट भरते, व्हाउचर नसलेला खर्च, मार्चमध्ये एका बसणीत लिहिलेलं अख्ख्या वर्षाचं कॅशबुक, हे मला लांबून कळतं. ही वही त्या त्या वेळी लिहिलेली आहे हे पहिल्याच पानावर कळलं, कारण मध्ये वरणाचा डाग होता आणि पेन दोनदा बदललेलं. नमुना सांगते, लेकीचा चौथा दिवस: "९.१० आली. रडली. १०.०० दूध पाऊण कप. ११.३० शी पातळ. १२.४० भाकरी वरण ४ घास. १.१५ झोपली नाही. आईला हाक मारली २ वेळा. ३.०५ पडली, उजवं गुडघं, हळद लावली. ४.०० केळं अर्धं."

आईला हाक मारली २ वेळा. हे मी स्कूटीवर बसून वाचलं आणि तिथंच दहा मिनिटं रडले, लेक पुढं उभी राहून हॉर्न वाजवत होती. दुसऱ्या दिवशी काकूंना म्हटलं काकू बाकी सगळं लिहा पण हे नका लिहू, मला मग काम सुचत नाही. त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग काय लिहू माय, छान झोपली म्हणून लिहू?" मी काहीच बोलले नाही, मला ते ‘छान’ आधीच पुरेसं मिळालेलं होतं. त्या दिवसापासून काकूंनी एक केलं, हाक मारली की पुढं हेही लिहायला लागल्या की मग किती वेळानं खेळायला लागली. ७ मिनिटं. १० मिनिटं. ५ मिनिटं. पुढं पुढं ती ओळच कमी होत गेली, आणि मला ती कमी होत गेलेली दिसली, कुणी सांगून नाही, वहीत दिसली. माझा फोन आता ड्रॉवरमध्ये असतो. कॅमेरा इथं फक्त गेटला आहे, आत नाही, काही आयांना ते पटत नाही, मला पटतं.

पण ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ती गोष्ट वेगळीच आहे. ॲडमिशनच्या वेळी काकूंनी फॉर्म म्हणून जो कागद दिला त्यात पहिला फोन नंबर बापाचा, दुसरा आईचा. मी सवयीनं वर माझा लिहिला तर त्यांनी खोडून खाली लिहायला लावला. "आईला तर समदेच फोन करतेत, मी बापाला करते. बाप न्हाई उचलला तर तुमाला." आणि दुसरा नियम, आठवड्यातून कमीत कमी दोन दिवस लेकराला न्यायला बापानं यायचं आणि वहीवर सही करायची. गावाला असेल, फिरतीवर असेल तर सांगायचं, तेवढ्यापुरती सूट, पण लातुरात असून येत नसेल तर काकू आईलाच विचारतात, "काय झालं, पाय मोडलाय का त्यांचा?" एका घरानं या नियमापायी लेकरू काढून नेलं, काकूंनी पुढच्या महिन्याची घेतलेली फी परत दिली पण नियम सोडला नाही.

आमचं लग्न प्रेमाचं. पुण्यात मी आर्टिकलशिप करत होते, तो स्पर्धा परीक्षा करत होता, एका मेसमध्ये ओळख, सप्टेंबरमध्ये मला रात्री अकरा वाजायचे तेव्हा तो मेसमधला डबा घेऊन आमच्या फर्मच्या जिन्यात बसलेला असायचा, पुस्तक वाचत. तर माणूस चांगला, मनानं चांगला, माझ्या कामाचा त्याला अभिमान आणि तो चारचौघांत बोलूनही दाखवतो. पण लेक झाल्यावर मी बघत होते की तो ‘मदत’ करतोय. मला काय करू सांग, असं विचारायचा. डॉक्टरची तारीख माझ्या डोक्यात, डायपर संपत आलेत हे माझ्या डोक्यात, लस कुठली राहिली ते माझ्या डोक्यात, आणि वर पुन्हा त्याला काय सांगायचं हेही माझ्याच डोक्यात. भांडण नव्हतं पण मी आतून त्याच्यापासून लांब जात होते, ते त्याला कळत नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं, दमलेल्या माणसाला प्रेमाचं बोलायला ताकद कुठून येणार.

पहिला फोन त्याला आला तो जानेवारीत, २० तारखेलाच, माझ्याकडं एकोणीस रिटर्न बाकी. लेकीला ताप. इथं नियम कडक आहे, १०० च्या वर ताप असला तर लेकरू ठेवत नाहीत, बाकीच्या अकरांना होतं म्हणून, आणि मध्येच चढला तर तासाभरात न्यायचं. तो औशाला नोकरीला, वीसेक किलोमीटर, रोज अप-डाऊन. त्यानं मला फोन केला, काकूंचा फोन आलाय, काय करू? मी म्हटलं फोन तुला आलाय ना. आणि ठेवला. ठेवल्यावर हात थरथरत होते माझे, खोटं कशाला सांगू. त्यानं अर्धी रजा टाकली, वरच्या साहेबानं विचारलं मिसेस काय करतात मग, तरी आला, लेकीला डॉक्टरकडं नेलं, पहिल्यांदा एकट्यानं. डॉक्टरांनी विचारलं वजन किती, मागचं ॲंटिबायोटिक कोणतं, त्याला एकही उत्तर आलं नाही. त्या रात्री मी नऊला घरी आले तर त्यानं एका वहीत, काकूंच्यासारखीच उभी रेघ मारून, सगळं लिहून काढलं होतं, वजन, लसी, औषधाचे डोस, पुढची तारीख. मला म्हणाला, हे सगळं तू डोक्यात ठेवत होतीस? मी फक्त हो म्हटलं.

आता तो मंगळवार, बुधवार, शुक्रवारी नेतो, वाटेवरच पडतं त्याच्या. काकू त्याला दिवसभराचं सांगतात, त्याला माहीत असतं लेकीचं कुणाशी भांडण झालं, कुठल्या भाजीला तोंड वाकडं केलं, आणि घरी आल्यावर तो मला सांगतो. पहिले काही दिवस मला ते कसंतरीच वाटलं, लेकीची बातमी दुसऱ्याकडून ऐकायची. मग सवय झाली, आणि नंतर तर त्याची वाट बघायला लागले.

बुधवारचं वेगळं आहे. फी संध्याकाळी साडेसातपर्यंतची आणि आम्ही रोज पावणेसातलाच धापा टाकत हजर, उशीर नको, लेकरू वाट बघत असेल म्हणून. एक दिवस काकू म्हणाल्या, "तुमी दोगंबी पळतच येताव. साडेसातपर्यंतचे पैसे भरलेत, तवर ती खेळतीय, तिला मी चारते, तुमी दोगं बसा की कुठं घटकाभर." आम्ही एकमेकांकडं बघितलं. इतक्या दिवसांत हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. तेव्हापासून बुधवारी मी साडेसहाला ऑफिस बंद करते, स्कूटी औसा रोडच्या एका टपरीवर लावते, तो तिथं येतो, दोन चहा, कधी एक प्लेट भजी. एकच ठरवलंय, लेकीचं, क्लायंटचं आणि घरातल्या सामानाचं बोलायचं नाही. पहिल्या बुधवारी आम्हाला बोलायला काही सुचेना, खरंच, पाच मिनिटं नुसते रस्ता बघत बसलो. मग त्यानं एका शेतकऱ्याचं सांगितलं, मी पुण्यातल्या त्या जिन्याचं काढलं. आता वेळ पुरत नाही. पाऊण तास, आठवड्यातून एकदा. साडेसातला पाच कमी असताना उठतो आणि दोघं मिळून लेकीला आणायला जातो, त्या दिवशी वहीवर दोन सह्या असतात.

सासूबाईंचं सांगायलाच पाहिजे. त्यांना पाळणाघर म्हणजे लेकरू भाड्यानं सांभाळायला दिल्यासारखं वाटायचं, चारचौघींत त्यांना ते सांगायची लाज वाटायची. गुढीपाडव्याला आल्या तेव्हा मी काही न बोलता त्यांना साडेबाराला तिथं नेऊन सोडलं आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी गेले तर त्या काकूंच्या शेजारी बसून शेंगा निवडत होत्या. त्यांनी म्हणे आधी पाण्याचा माठ उघडून बघितला, लातूरकराला पाण्याचं सांगायला नको, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आपण बघितलंय, कुठल्याही घरात गेलं की आधी पाणी कसं भरून ठेवलंय तिकडं डोळा जातो. माठावर झाकण, वरून फडकं, ओगराळं वेगळं. मग डाळीचा डबा, मग तूप हुंगून बघितलं. घरी येताना एवढंच म्हणाल्या, ती बाई लेकरांच्या आधी जेवत नाही. तेव्हापासून गावाकडून काही आलं की त्यात एक पिशवी काकूंकडं जाते, हिवाळ्यात हुरडा, शेंगा, मोठ्या लेकरांना धपाटे. येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला पाळणाघर बंद असतं, त्या दिवशी काकू स्वतः शेतात जातात, पण मागच्या वर्षी त्या आमच्या शेतावर आल्या, सासूबाईंनी बोलावलं होतं, आंबील आणि भज्जी खाऊन दोघी दुपारभर कोपीजवळ बसल्या होत्या.

आणि ती ओकीबोकी खोली. टॅक्स ऑडिटची तारीख ३० सप्टेंबर, मुदतवाढ मिळाली तर गोष्ट वेगळी, पण सहसा तोच दिवस आमच्या धंद्यात सगळ्यात मोठा. पहिल्या वर्षी मी काकूंना आठवडाभर आधीच विचारलं की त्या दिवशी मला नऊ वाजतील, चालेल का, जास्तीचे पैसे देते. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी कवाबी या. मी त्या दिवशी समद्यांनाच उशिरापर्यंत ठेवते, पैसे घेत न्हाई." मला वाटलं सीएंची लेकरं जास्त असतील. तारीख त्यांच्यासाठी दुसरीच होती. काकू किल्लारीच्या त्या भूकंपाच्या पट्ट्यातल्या. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या रात्री गणपती बोळवून गाव झोपलेलं. त्या आठ वर्षांच्या होत्या. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं धाबं, फळीवर पितळी भांडी रचलेली. त्यांना बाहेर काढलं, कुशीत झोपलेला दीड वर्षाचा भाऊ गेला. हे त्यांनी मला रात्री नऊ वाजता सांगितलं, दारात उभं राहून, माझी लेक त्यांच्या खांद्यावर झोपलेली. "भिंतीवर काई नको वाटतंय मला लेकरांच्या. आन् त्या दिवशी घरात लेकरं असली की बरं वाटतंय." मी लेकीला घ्यायला हात पुढं केले होते ते तसेच मागं घेतले आणि अजून अर्धा तास तिथंच पायरीवर बसले. तिसरा सप्टेंबर येईल आता, त्या रात्री मी मुद्दाम साडेनऊ करते.

पैशाचं. महिना ३८०० रुपये, त्यात दुपारचं जेवण, चारचा खाऊ, दूध आपलं द्यायचं. साडेसातनंतर अर्ध्या तासाला ५० रुपये, ते वहीत लिहून महिन्याच्या शेवटी घेतात. मला बरेच जण विचारतात ही फी आयकराच्या वजावटीत बसते का, नाही बसत, प्लेस्कूल, नर्सरीची ट्यूशन फी बसते आणि तीही जुन्या कररचनेत, पाळणाघराची नाही. माझ्या अकाउंटंट ताईचं लेकरूही तिथंच आहे, तिची निम्मी फी आमचं ऑफिस भरतं. सात माणसांच्या ऑफिसला ते करायला कुठला कायदा सांगत नाही, पण ३० सप्टेंबरला तिचं लक्ष टेबलाखालच्या फोनमध्ये नको, एवढं मला कळतं.

ज्या गोष्टी आवडल्या नाहीत त्याही लिहिते. उन्हाळ्यात खोली तापते, कूलर एकच आहे, लाईट गेली की इन्व्हर्टरवर नुसते पंखे चालतात, एप्रिल-मेमध्ये लेकरं घामोळ्यांनी हैराण होतात आणि मी दोनदा बोललेय, काकू म्हणतात बघू. पावसाळ्यात समोरच्या गल्लीत चिखल, स्कूटी घसरते, लांब लावून चालत जा. मावश्या दोन आहेत, त्यातली एक सुट्टीवर गेली की काकूंची फार ओढाताण होते आणि त्या दिवशी वहीतल्या ओळी कमी होतात, काकू स्वतःच खाली लिहितात की आज नीट लिहिलं नाही. इंग्लिश राइम्स, ॲक्टिव्हिटी असलं काही नाही, ज्यांना हवंय त्यांनी दुसरीकडं बघावं, माझी लेक इथं ‘ये गं ये गं सरी’ आणि जात्यावरच्या दोन ओव्या शिकलीय, ‘काऊन’ आणि ‘व्हय’ म्हणते, मला काही अडचण नाही. व्हॉट्सॲपवर फोटो येत नाहीत, मागू नका. तापाचा नियम मघाशी सांगितलाच, तो नोकरदार घराला खरंच जड जातो, मला अजूनही जातो, पण दोन हिवाळ्यांत लेकीचं आजारपण निम्म्यावर आलंय हेही खरं आहे.

जूनपासून लेक शाळेत जाईल, दुपारी एकपर्यंत. काकू मोठी लेकरं ठेवत नाहीत, चार वर्षांपर्यंतच, म्हणून अजून काही महिने दुपारी एक ते साडेसात त्यांच्याकडंच असेल, पुढचं नवरा बघतोय, त्यानंच दोन ठिकाणी जाऊन आलाय आणि दोन्ही ठिकाणी साडेबाराला गेला होता.

तर ज्यांना जायचंय त्यांनी जूनच्या आधी जाऊन ठेवा, दोन जागा निघणार आहेत. दोघं जा. एकट्या आईला काकू कागद देत नाहीत, बापाला घेऊन या म्हणून सांगतात.